लंगडण्याचा मान

लष्कर, ग्वाल्हेर
२२ जून १९५६

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे. माझा उजवा पाय त्या आठ अंगांत धड बसत नाही, तेव्हा आहे तेवढा नमस्कार गोड मानून घे.

तू इंदुरात मजेत असशील. उन्हाळा लागला की तुझं मध्यभारत सरकार पेट्यांत बसून इंदूरला जातं आणि थंडी पडली की परत ग्वाल्हेरला येतं. एवढं अवजड सरकार वर्षातून दोनदा हवापालट करतं, आणि आपल्या दारासमोरच्या नालीवर एक फरशी टाकायला त्याला सवड होत नाही. मी अजून धाकट्या दुर्गाच्या खांद्याला धरूनच ती नाली ओलांडते. दुर्गा लग्न होऊन गेली की ओलांडणार नाही. हे रडगाणं नव्हे. भाऊ सचिवालयात हेडक्लार्क आहे, म्हणून आपलं कळवलं.

बातमी अशी की माझं नाटक यंदाच्या गणपतीत होणार. तू ते वाचून 'बरं आहे, विषय रडका आहे' म्हणाला होतास. एका लंगड्या मुलीला एकटीने बाड्यावरच्या बाजारात जाऊन बांगड्या भरायच्या असतात, एवढाच तो रडका विषय. पहिल्या अंकात घरचे जाऊ देत नाहीत, दुसऱ्यात रस्ते जाऊ देत नाहीत, तिसऱ्यात ती निघते. सगळे तिला उचलून न्यायला तयार, चालू द्यायला कोणी तयार नाही. मी ते लोकांनी हसावं म्हणून लिहिलं आहे.

आता पुढचं ऐक. लष्करातल्या आपल्या दोन मराठी नाटक मंडळ्या, नाट्यप्रबोध आणि रंगविलास, वीस वर्षं एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. संस्थानांचं विलीनीकरण पाहून त्यांनाही हौस आली. मंडळी एक झाली. अध्यक्ष दोन राहिले, सहा महिने हे, सहा महिने ते. आणि करारात एक कलम घातलं, की नायिकेचा मान दोन्हीकडच्या नायिकांना सारखा. नाट्यप्रबोधची नायिका म्हणजे महिपतराव, वय बावन्न. रंगविलासची नायिका उमाजीराव, फौजेतून सुटलेले, पाटणकर बाजारात दोरखंडाचं दुकान. पुरुषांनी लुगडं नेसून काम करायचे दिवस पुण्या-मुंबईकडे संपले म्हणतात. ती बातमी इथे पोस्टाने यायची आहे.

म्हणून माझ्या नाटकाचा पहिला अंक महिपतराव करणार, दुसरा उमाजीराव. तिसऱ्यावर भांडण आहे, कारण तीनाला दोनाने भाग जात नाही.

मी सेक्रेटरी संभाजीरावांना म्हटलं, नायिकेचं काम मीच करते की. ते फार प्रेमाने म्हणाले, "ताई, लंगड्या बाईचं काम आहे. अवघड असतं. अभिनय यायला लागतो."

तुझी
विमल

---

इंदूर
३ जुलै १९५६

चि. विमल हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

विषय: नाटक. संदर्भ: तुझा त्रागा. पत्र पोचलं, दाखल करून घेतलं, वाचून करमणूक झाली. तुझी जीभ पाहून वडिलांची आठवण येते. त्यांच्या जिभेने त्यांना दरबारात बढती मिळू दिली नाही, एवढं ध्यानात ठेव.

नालीबद्दल: तो विषय नगरपालिकेकडे. आमच्या खात्याशी संबंध नाही.

नाटकाबद्दल: तुझं नाटक होतं आहे, यात आनंद मान. लेखकाने पहिल्या रांगेत बसावं, हार घ्यावा, घरी यावं. रंगमंच हे घरंदाज मुलीचं ठिकाण नव्हे असं मी म्हणणार नाही, कारण मी सुधारकी आहे. पण दगदग असते. मंडळीत नाना तऱ्हेचे लोक असतात. महिपतरावांना मी लहानपणी पाहिलं आहे, त्यांच्या नायिकेसाठी लोक रडत. त्यांनाच करू दे.

आता खरी बातमी. इथे पाटबंधारे खात्यात गोविंद म्हणून एक मुलगा आहे. सालस, निर्व्यसनी, पगारी. वडील नाहीत, आई कुसुमताई फार कर्तबगार बाई. दुर्गासाठी मी शब्द टाकला आहे. घराची माहिती विचारली, ती कळवली: वडील दरबारच्या दफ्तरात होते, आई सुगरण, मुलगी मॅट्रिक, थोरली बहीण साहित्यात रमलेली असते, तिने लग्नाचा विचार केलेला नाही.

आईला सांग, काळजी करू नये. दुर्गाचा उन्हात न काढलेला एक फोटो पाठव.

तुझा
माधवदादा

---

लष्कर
१९ जुलै १९५६

ती. दादास,

'थोरली बहीण साहित्यात रमलेली असते', हे वाक्य मी आईला दोनदा वाचून दाखवलं. तिला फार आवडलं. म्हणाली, माधवला लिहिता येतं. मलाही आवडलं. सहाव्या वर्षी तापात माझा पाय गेला, त्याला इतकं देखणं नाव आजवर कोणी दिलं नव्हतं. लग्नाचा विचार मी केलेला नाही हेही खरंच. माझ्या वतीने दहा घरांनी तो केला आणि नको म्हटलं.

फोटो पाठवते. दुर्गा त्यात तुला हवी तितकी गोरी आली आहे.

आता तालमींचं ऐक. तालीम पाटणकर बाजारात, कापडाच्या दुकानावरच्या माडीत. जिना असा, की धडधाकट माणूसही वर पोचला की आधी देवाचं नाव घेतो. मी जिन्याकडे पाठ करून पायरीवर बसते आणि हातांवर जोर देत एकेक पायरी उलटी वर जाते. हे दृश्य बघवत नाही म्हणून मंडळीने सभा घेतली. तालीम खाली दुकानात घ्यावी, असं सभेत कोणाच्याही डोक्यात आलं नाही. डोक्यात काय आलं, तर एका सरदारांच्या घरी जुना मेणा धूळ खात पडला आहे, तो मागवावा आणि ताईंना मानाने मेण्यातून वर न्यावं. पण तो जिन्याच्या वळणावर फिरणार नाही असं निघालं. मग सगळे हळहळले आणि मी बसत बसतच वर गेले.

महिपतराव रोज आपल्याकडे येतात. मी स्वयंपाकघरातून ओसरीवर येते, ते डोळे बारीक करून बघतात आणि मागून चालून दाखवतात. परवा म्हणाले, "ताई, राग मानू नका, तुमच्या चालीत करुणा कमी आहे. तुम्ही फारच सरळ लंगडता." शिवाय ते डावा पाय ओढतात. मी म्हटलं, नायिकेचा उजवा पाय गेला आहे. ते गंभीर झाले. तीस वर्षं ते रंगमंचावर उजवा पाय आधी टाकून जातात. तो त्यांचा शकुनाचा पाय. त्याला लंगडा कसा करणार?

उमाजीरावांचं तसं नाही. त्यांच्या उजव्या गुडघ्यावर पलटणीत घोड्याने लाथ घातली होती. म्हणतात, "हमें तो करना ही नहीं पड़ता, ताई. अपने आप होऊन राहिलं आहे."

म्हणजे पहिल्या अंकात नायिका डाव्या पायाने लंगडते, दुसऱ्यात उजव्या. संभाजीरावांनी यावर तोडगा काढला. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला एक वैद्य येऊन म्हणेल, "रोग सरकला." तुमची राजधानी सरकते, तर रोगाने काय घोडं मारलं आहे?

इतकं हसून झालं, आता सरळ लिहिते. तिसरा अंक मला करायचा आहे. त्यात नायिका फक्त रस्ता ओलांडते, मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि बोलत जाते. तो मी माझ्या चालीने लिहिला आहे. प्रत्येक वाक्य मला दम लागतो तिथे तोडलं आहे. दुसऱ्या कोणाला ते जमणार नाही. आणि जमलं तरी मला तो हवा आहे. मला जन्मात एकदा माझ्या चालीने लोकांसमोरून चालत जायचं आहे. तुझा होकार मागत नाही, पण तू देशील तर मला बरं वाटेल.

तुझी
विमल

---

इंदूर
६ ऑगस्ट १९५६

चि. विमल हीस आशीर्वाद.

पत्र वाचून हसलो आणि चिंतेत पडलो, दोन्ही एकाच वेळी. सध्या इथे तशीच हवा आहे. नोव्हेंबरात नवा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळ. म्हणजे आम्ही ग्वाल्हेरला परत न येता परस्पर भोपाळला. तिथे माझं टेबल कोणत्या खोलीत, माझ्या वर कोण, माझ्या खाली कोणी उरणार की नाही, काही कळत नाही. नागपूरचे हेडक्लार्क येणार, विंध्यचे येणार. त्या सगळ्यांत मी कोण? असो.

तुझ्या तिसऱ्या अंकाबद्दल मी शांतपणे विचार केला. मला तुझ्या प्रकृतीची भीती वाटते. माणसांनी भरलेला मंडप, दिव्यांची उष्णता, उभं राहणं. तुझं काळीज लहानपणापासून नाजूक आहे. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, ते तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. नाटक होईल, जाईल, तब्येत एकदा गेली की परत येत नाही.

जाता जाता: कुसुमताई आणि गोविंद गणपतीत तुमच्या जवळच मुरारला, कुसुमताईंच्या भावाकडे येत आहेत, ते दसऱ्यापर्यंत राहतील. कुसुमताईंना मराठी नाटकांचं वेड आहे. त्या बहुधा तुमचं नाटक बघायला येतीलच. याचा वरच्या मजकुराशी काही संबंध नाही.

आईच्या औषधाची पुडी पाठवली आहे.

तुझा
माधवदादा

---

लष्कर
२३ ऑगस्ट १९५६

ती. दादास,

माझ्या काळजाची चौकशी केलीस, आभारी आहे. ते उत्तम आहे. ते नाजूक असल्याची बातमी मला तुझ्या पत्रातून लागली आणि मंडळीला तू संभाजीरावांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातून लागली.

हो, तेही पत्र मी ऐकलं. तू वर 'खासगी' लिहिलं होतंस. संभाजीरावांची समजूत अशी, की खासगी म्हणजे फक्त मंडळीच्या सभेत वाचायचं. त्यांनी सगळ्या तालमीसमोर, खणखणीत आवाजात वाचलं. 'माझी भगिनी भावनेच्या भरात आहे. तिला तिसरा अंक देऊ नये. कारण विचारू नये. घराण्याचा प्रश्न आहे.' मी तिथेच बसले होते. मला वाटलं आता ही माणसं माना हलवतील आणि संपलं.

पण दादा, तुला नाटकवाले ठाऊक नाहीत. महिपतराव उठून उभे राहिले. म्हणाले, "मी पहिल्यांदा लुगडं नेसलो तेव्हा वडिलांनी मला घराबाहेर काढलं होतं." उमाजीराव म्हणाले, "हमारे तो काकांनी बंदूक काढली होती." मग एकेकाने आपापल्या घरचा विरोध सांगायला सुरुवात केली. कोणाचं जेवण बंद झालं होतं, कोणाचं जानवं तोडलं होतं. ज्याला घरून विरोध झाला नाही असा त्या माडीत एकटा तबलजी निघाला, आणि त्याला फार ओशाळल्यासारखं झालं. वीस वर्षांत ज्या दोन नायिकांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, त्यांचं झालं. घरच्यांनी सेक्रेटरीला पत्र लिहून विरोध केला, म्हणजे पोरीत काहीतरी आहे. तिसरा अंक मला मिळाला.

तेव्हा हे तुझे उपकार. तू ते पत्र लिहिलं नसतंस तर अजून भांडतच बसले असते.

मंचावर चढायला मागून लाकडी फळ्यांचा उतार करा असं मी सांगितलं. संभाजीराव कुरकुरले, "उतार केला तर कोणीही वर येईल." मी म्हटलं, तेच तर हवं आहे. शेवटी उमाजीरावांनी दुकानातले दोरखंड दिले आणि फळ्या आवळून बांधायचं ठरलं.

तुला कशाची भीती आहे ते मला कळलं आहे. 'जाता जाता' वाचलं की कळतं. तू कुसुमताईंना माझ्याबद्दल काय सांगितलं नाहीस, ते त्या नाटकात बघतील, हेच ना? मग नाटकाच्या आधी सांगून टाक. एका ओळीचं काम आहे. तुला लिहिता येतं, आईच म्हणते.

तुझी
विमल

---

इंदूर
४ सप्टेंबर १९५६

चि. विमल,

घाईत लिहितो. रजा नामंजूर. सचिवालयातली सगळी खाती भोपाळच्या पेट्या भरत आहेत. जाहिरातीत आडनाव घालू नये, नुसतं 'कु. विमल' घालावं, एवढं तरी माझं ऐक. ती ओळ लिहायला बसलो होतो. साहेबांनी बोलावलं.

माधव

---

लष्कर
१७ सप्टेंबर १९५६

ती. दादास,

झालं एकदाचं. जाहिरातीत नुसतं 'कु. विमल' होतं. घराणं सुखरूप आहे.

पहिल्या अंकात महिपतरावांनी डावा पाय असा काही ओढला की बायकांच्या बाजूला रडारड झाली. मी विनोदी नाटक लिहिलं आहे, हे तिथे कोणाला सांगणार? दुसऱ्या अंकात वैद्य आला, म्हणाला, "रोग सरकला," आणि एवढ्या मोठ्या मंडपात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मग उमाजीराव रस्ता ओलांडताना खरोखरच पडले, गुडघ्याने दगा दिला. लोकांनी वन्स मोअर दिला. उमाजीराव उठले, मागे गेले, आणि पुन्हा पडले. जुने नट, वन्स मोअर नाकारत नाहीत.

मग मी. फळ्यांवरून माझी मी चढले. नेहमीसारखा उजवा हात मांडीवर रेटून चालायला लागले. मधल्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "ये तो ज़्यादा कर रही है." दुसऱ्या कोणी त्याला दटावलं, "श्श, बारकाईने अभ्यास केला आहे पोरीने." आपल्या गल्लीतली माणसं सोडली तर ही खरीच लंगडी आहे हे त्या मंडपात कोणाला ठाऊकच नव्हतं. ठाऊक कुठून असणार? या शहराने मला बघायचं, तर आधी मी घराबाहेर पडायला नको का?

लोक हसले मात्र. जिथे हसायला हवं तिथेच हसले. आणि एक सांगते, यात टोमणा नाही. मला फार बरं वाटलं. लोक माझ्याकडे बघत होते आणि मी चालत होते. आजवर कोणी बघायला लागलं की मी थांबायचे, लुगडं सारखं करायचे, कोणीतरी पुढे जाईपर्यंत भिंतीकडे बघायचे. त्या दिवशी थांबले नाही.

उत्कृष्ट अभिनयाचं चांदीचं पदक दोन्ही नायिकांना विभागून मिळालं. सहा महिने महिपतरावांकडे, सहा महिने उमाजीरावांकडे. इथल्या साप्ताहिकात आलं आहे, 'तिसऱ्या अंकातील नवोदित नटीचे लंगडणे प्रयत्नपूर्वक असले तरी त्यात सहजता हवी.'

कुसुमताई आल्या होत्या म्हणतात. तुझी ती ओळ त्यांना वेळेवर पोचली असेल अशी आशा आहे.

तुझी
विमल

---

इंदूर
२८ सप्टेंबर १९५६

चि. विमल हीस अनेक आशीर्वाद, आणि यावेळी मनापासून.

कुसुमताईंचं मुरारहून पत्र आलं. बाई वेड्या झाल्या आहेत. लिहितात, तिसऱ्या अंकातली मुलगी पहिल्या दोघांच्या शंभर पट सरस होती. चौकशी केली तर कळलं, ती तुमचीच बहीण. 'अशी सशक्त मुलगी हुबेहूब पांगळ्यासारखी चालते म्हणजे किती मेहनत घेतली असेल. ज्या घरात थोरली इतकी कष्टाळू, तिथली धाकटीही तशीच असणार.'

आता तू रागावशील, पण नीट वाच. ती ओळ मी लिहिली नव्हती. आता ती लिहायची म्हणजे 'आधी का नाही सांगितलं' आलं. मी उत्तर पाठवलं, 'हो, मेहनती आहे.' हे खोटं आहे का? तू मेहनती नाहीस का?

पितृपंधरवडा संपला की नवरात्रात, ७ तारखेला रविवारी, कुसुमताई, गोविंद आणि त्याचे मुरारचे मामा दुर्गाला बघायला घरी येत आहेत. तुलाही भेटायचं आहे त्यांना. तू एवढंच कर. ते यायच्या आधी ओसरीवरच्या तक्तपोसावर बसून राहा. पायांवर लुगडं पसरून. नाटकाबद्दल गप्पा मार, तुला येतात. उठू नकोस. चहा दुर्गा आणेल, तशीही तीच रीत आहे. तासाभराचा प्रश्न आहे. एकदा लग्नाची याद झाली की मी स्वतः सवडीने, हळूच, सगळं सांगेन.

विमल, मी ताठ्याने लिहितो ते सोडून दे. दुर्गा तेवीसची झाली. वडील नाहीत. मी भोपाळला जाणार, तिथे माझंच काय होईल ठाऊक नाही. आईला रात्री झोप नाही. या एका घराने हो म्हटलं आहे. तुझ्यापाशी मी आजवर काही मागितलं नाही. तासभर बस.

तुझा
माधवदादा

---

लष्कर
८ ऑक्टोबर १९५६

ती. दादास,

पाहुणे आले आणि गेले. 'इंदूरला पोचून माधवरावांना कळवतो' म्हणाले, तेव्हा निकाल माझ्याआधी तुला कळेल. दुर्गाचा निरोप तिच्याच शब्दांत: 'नाही म्हणाले तर ताईमुळे नव्हे, माझ्यामुळे. चहा मी पाठवला. हो म्हणाले तर दादाने आधी आपल्या तोंडाने सांगावं, या घरात कोण कोण राहतं.' आई काल जेवली नाही. आज जेवली.

तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होते. आहे. तू दुष्ट असतास तर सोपं होतं. तू औषधाच्या पुड्या पाठवतोस, आईच्या झोपेची काळजी करतोस, आणि त्याच हाताने मला लुगड्याखाली झाकायला सांगतोस. मला त्याचं फार लागलं आहे, दादा.

आता क्रमाने ऐक. मी तू सांगितलंस तशी बसले होते. दुर्गासाठी बसले, तुझ्यासाठी नाही. आईने पायांवर लुगडं पसरलं आणि माझी बाहेर जाताना लागणारी काठी कोठीच्या खोलीत नेऊन ठेवली. कुसुमताई आल्या त्याच बोलत. गोड बाई आहे, डोळसही आहे. म्हणाल्या, "पहिल्याचा डावा, दुसऱ्याचा उजवा, मला काय कळत नाही होय? तुम्ही मात्र एकदाही चुकला नाहीत." मी म्हटलं, सवय केली. गोविंद भिडस्त आहे, हसतो मनमोकळा. मला तो दुर्गासाठी आवडला, हेही लिहून ठेवते.

दुर्गा स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात काही नव्हतं. म्हणाली, "ताई, चहा तू ने."

आई म्हणाली, "तिला कशाला? बसून राहू दे. तू काय करून राहिलीस?"

"मी कप भरते. ती एकेक नेईल." आणि दारातच उभी राहिली, माझ्याकडे बघत. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला कळलं की तिने हे रात्रीच ठरवलं आहे आणि मला विचारलेलं नाही.

मी उठले. एका हातात एकच कप मावतो, दुसरा हात मांडीवर लागतो, तुला ठाऊक आहे. पहिला कप कुसुमताईंचा. मी चालायला लागले आणि त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. भावाला म्हणाल्या, "बघा, इतक्या जवळूनसुद्धा खरं वाटतं." मी कप दिला, परत गेले.

दुसरा मामांचा. मामांनी दोनदा टाळी वाजवली, मग बहिणीकडे पाहिलं. कुसुमताईंनी वाजवली नव्हती. त्या माझ्या पायाकडे बघत होत्या.

तिसरा गोविंदचा. तो उठून अर्ध्या वाटेत आला आणि कप घ्यायला हात पुढे केला. मी म्हटलं, बसा, पोचते मी. तो बसला. ओसरीवर माझ्या पायाचा आवाज तेवढा येत होता. टाळी कोणी वाजवली नाही. मी कप त्याच्या हातात दिला, तक्तपोसावर बसले, आणि पायांवर लुगडं पसरलं नाही.

मग कुसुमताईंनी बशी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "मग नाटकात जे केलंत, ते?"

मी म्हटलं, "नाटकात थोडं कमी केलं होतं."

तुझी
विमल